वाढत्या अंगाचं

“हजार,” हे म्हणाले. “हजारच्या खाली मी ऐकून घेणार नाही.”

“बाबा, सहाशे पुरतात. खरं तर साडेपाचशेतही भागतं.”

“भागवायचंच म्हटलं तर मेणबत्तीवरही भागतं.”

लेकीच्या नव्या कॉम्प्युटरला पॉवर सप्लाय किती वॅटचा घ्यायचा, यावर आमच्या घरात गेले काही दिवस हेच चाललं होतं. कॉम्प्युटर साधासुधा नव्हता, गेम खेळायचा होता. त्याच्या आत एक भलंमोठं ग्राफिक्स कार्ड, त्या कार्डाला स्वतःचे वेगळे पंखे, आणि या सगळ्या लवाजम्याला वीज पुरवणारा एक लोखंडी डबा. तो डबा म्हणजे पॉवर सप्लाय. एवढं ज्ञान मला न मागता मिळालं होतं, कारण घरात दुसरा विषयच उरला नव्हता.

हे उभेच होते. बसून बोलणं यांना जमत नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी विजेचा बोर्ड आहे, त्याच्या शेजारची भिंत ही यांची पाटी. पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप, कोण किती वीज ओढतं ते सगळं तिथे पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. घराला रंग दिला तेव्हा यांनी तेवढा चौकोन तसाच सोडायला लावला. रंगारी माझ्याकडे बघत होता आणि मी छताकडे.

“कार्ड, सव्वादोनशे,” हे भिंतीवर लिहीत म्हणाले. “प्रोसेसर, सव्वाशे. बाकी किडूकमिडूक, पन्नास. झाले चारशे.”

“मीही चारशेच म्हणतेय. वर दोनशे शिल्लक. बास की.”

“थांब. कार्ड मध्येच हिसका देतं, तेव्हा पापणी लवते तोवर दुप्पट ओढतं. ते धर. डबा जुना झाला की दमतो. ते धर. आणि उद्या तू याहून मोठं कार्ड घेशील.”

“नाही घेणार.”

“घेशील. दोन वर्षांनी घेशील, आणि मग मी पुन्हा अख्खं मशीन खोलत बसू?”

लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घालून भाजी चिरू लागले. दोन वर्षांनी ती या घरात नसणार होती. महिनाअखेरीलाच नसणार होती. घरात तीन माणसं, त्यातल्या दोघींना हे ठाऊक होतं.

गच्चीवर कपडे वाळत घालताना तिनं मला सांगितलं होतं. दुसऱ्या गावात नोकरी मिळाली होती, इथल्यापेक्षा चांगली आणि तिच्या मनासारखी. दोन मैत्रिणींबरोबर एक खोली ठरली होती. खोली इतकी लहान, की टेबलावर कॉम्प्युटर ठेवला तर जेवायचं ताट मांडीवर घ्यावं लागेल, असं ती हसत सांगत होती. मला काही हसू आलं नाही.

“बाबांना आत्ता नको सांगू,” ती म्हणाली.

“ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं? ते काय अडवणार आहेत तुला?”

“अडवणार नाहीत, म्हणूनच.” तिनं ओल्या चादरीचं टोक माझ्या हातात दिलं. “आई, रिटायर झाल्यापासून ते पहिल्यांदा कशात तरी रमलेत. हा कॉम्प्युटर मला शाळेत होते तेव्हापासून हवाय, आणि तो मला त्यांच्याबरोबर बसून जोडायचाय. एकदा चालू झाला की मी स्वतः सांगते. आधी सांगितलं तर जोडतील, पण त्यात जीव नसेल त्यांचा.”

तिचं चुकत होतं असं मला म्हणता येईना, आणि बरोबर होतं असंही. मी चादर झटकली आणि हो म्हटलं. तेव्हापासून ते गुपित माझ्या पोटात गोळा होऊन बसलं होतं. माझ्या पोटात काही राहत नाही ही आमच्या घराण्यातली जुनी थट्टा आहे, आणि ती अगदी खरी आहे.

हे एका मोठ्या हॉस्पिटलात जनरेटर सांभाळायचे. लागले तेव्हा जनरेटरवाले, सुटले तेव्हाही जनरेटरवालेच. वीज गेली तर कुणी ‘गेली’ म्हणायच्या आत वॉर्डातले दिवे परत लागले पाहिजेत, हे यांचं काम. ते इतकं चोख व्हायचं, की तळघरात असा कुणी माणूस आहे हे वरच्या मजल्यांवर फारसं कुणाला माहीतच नव्हतं. एकदाच ते सगळ्यांना कळलं. कुणीतरी न विचारता ऑपरेशन थिएटरच्या लाइनीवर पाणी तापवायचं यंत्र जोडून ठेवलं होतं. भर दुपारी वीज गेली, जनरेटर सुरू झाला आणि त्या बोज्यानं बसला. हे जिने चढून वर पोचले तेव्हा डॉक्टर टॉर्चच्या उजेडात टाके घालत होते. पेशंट सुखरूप घरी गेला. यांना कुणी बोल लावला नाही. पण त्या दिवसापासून ‘पुरेल’ या शब्दावरचा यांचा विश्वास उडाला तो उडालाच.

त्याचं फळ आम्ही घरात भोगलं. अंथरूण पाहून पाय पसरावेत असं लोक म्हणतात. हे आधी अंथरूणच मोठं शिवून आणतात. तीन माणसांच्या घरात पातेली लग्नघरातली. आणि लेकीचं सगळं बालपण गेलं वाढत्या अंगाच्या कपड्यांत. स्वेटरच्या बाह्या दुमडून दुमडून कोपराशी वळकटी व्हायची. शाळेचे बूट असे, की पुढे कापूस कोंबावा लागायचा, आणि ते मापाला यायचे तोवर झिजलेले असायचे. मापाचेही आणि नवेही असे बूट तिला मिळाले ते थेट तिच्या पहिल्या पगारात. ते घालून ती घरभर चालून दाखवत होती आणि हे म्हणत होते, “पुढे बोटाला जागा ठेवली नाहीस.”

रिटायर झाल्यावर तर यांच्या पायाला भिंगरीच लागली. सकाळी उठले की घरातल्या प्रत्येक प्लगला उलटा हात लावून बघायचं, तापलाय का. उलटाच हात, कारण झटका बसला तर सुलटा हात वस्तूला चिकटून बसतो. फ्रिजला हात, पंपाला हात, लेकीच्या चार्जरला हात. लहानपणी तिचा तापही असाच उलट्या हातानं बघायचे. सगळं गार निघालं की यांना चैन पडत नसे. मग पुन्हा एक फेरी. मी म्हणायचे, “अहो, तुमच्यापायी या घराला एकदा आग लागली पाहिजे, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल.” हे हसायचे आणि पंपाकडे जायचे.

अशात लेक एक दिवस म्हणाली, “बाबा, कॉम्प्युटर जोडायचाय. मदत करता?” आणि यांचे डोळे चमकले. म्हणून तर मला तो गोळा जास्तच टोचत होता.

“अहो, पण हजारचा घेतला तर बिलही हजारचंच येईल ना?” भाजी चिरता चिरता मी मध्येच विचारलं. दोन वर्षांवरून बोलणं हलावं एवढाच माझा हेतू.

“नाही गं. तिथेच तर लोकांचा घोळ होतो.” यांनी पेन्सिल कानामागे खोवली. “हा डबा आपणहून काहीच देत नाही. मशीन मागेल तेवढंच देतो. चारशे मागितले तर चारशे, शंभर मागितले तर शंभर. बाकीचं अंगात ठेवून गप्प बसतो.”

“मग एवढं अंगात ठेवायचं कशाला?”

“कधी मागेल ते सांगता येतं का?” हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लेक ऑफिसला गेली आणि हे चपला घालून दारात उभे.

“कुठे?”

“इथेच,” म्हणाले, आणि गेले.

‘इथेच’ म्हटलं की हे कुठवर जातील याचा नेम नसतो. दरम्यान लेकीनं मागवलेली कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरची बाहेरची पेटी, घरी आली. मी सही करून घेतली आणि टेबलावर ठेवली. खोक्यातून काढली तर अगदी छोटीशी, करड्या रंगाची, ब्रेडचे दोन पुडे शेजारी ठेवावेत एवढी. मला ती बघून बरं वाटलं नाही. मी खोकं परत मिटवलं, मग पुन्हा उघडलं, मग चहा टाकला आणि प्यायला विसरले.

दुपारी हे परतले. दोन्ही हातांत कवळून आणलेलं मोठं खोकं, घामानं चिंब, आणि चेहऱ्यावर विजय.

“हजार,” हे म्हणाले. “उचलून बघ. वजनावरून कळतं माल कसा आहे ते.”

मी काही उचललं नाही. यांनी पाणीसुद्धा न पिता तो काळा डबा बाहेर काढला, पेटीचं झाकण उघडलं आणि डबा आत सरकवायला गेले. तो शिरेना. आडवा केला, उभा केला, पालथा केला. पेटीच्या मागची चौकट त्याच्या जवळजवळ निम्म्यानं होती. जन्मभर जनरेटर हाताळलेल्या माणसाला जास्त ताकदीच्या वस्तूला जागाही जास्त लागते हे काय कुणी सांगायला हवं होतं? पण जागा नसते ही कल्पनाच यांना कधी शिवली नव्हती. तळघरात जागाच जागा होती.

“एवढीशी पेटी कशाला घेतली हिनं?” हे वैतागून म्हणाले. “तिच्या खोलीत काय जागेचा दुष्काळ पडलाय? अख्खं टेबल रिकामं आहे. मी तर खाली पंख्याला वेगळा पॉइंट काढून देणार होतो.”

यांनी झाकण परत लावलं आणि पेटी बाजूला सारायला वरून हात घातला. हात थांबला. पेटीला वर एक हँडल होतं.

“हे काय?”

“हँडल,” मी म्हणाले.

“ते दिसतंय मला.”

यांनी हँडल धरून पेटी उचलली. दारापर्यंत गेले आणि परत आले. पुन्हा टेबलावर ठेवली, अगदी अलगद.

“एका जागी राहणाऱ्या वस्तूला हँडल नसतं,” हे म्हणाले. मग हँडलवरचा हात न काढता विचारलं, “कधी जाणार आहे?”

“महिनाअखेरीला. चांगली नोकरी आहे.”

“तुला माहीत होतं.”

“होतं. मशीन चालू झालं की तीच सांगणार होती तुम्हाला. तिला ते तुमच्याबरोबर जोडायचं होतं, त्याआधी तुम्हाला वाईट वाटायला नको होतं.”

हे फेरीवर निघाले. फ्रिजला हात लावला, पंपाला लावला, लेकीच्या खोलीत जाऊन चार्जरच्या रिकाम्या पॉइंटलाही लावला. परत आले आणि पुन्हा फ्रिजला. मला ते बघवेना. मी हाताला धरून यांना खुर्चीत बसवलं.

“मी दोन वर्षांनंतरचं धरून चाललो होतो,” हे म्हणाले.

मला रडू आलं. यांना नाही आलं. हे काळ्या डब्याच्या वायरी एकेक करून गुंडाळत होते, दुकानातून आल्या होत्या तशाच, रबरांसकट. डबा खोक्यात गेला, वरची पिशवी, वरचा पुठ्ठा, सगळं जिथल्या तिथे.

“बदलून आणतो. या पेटीत बसणारे छोटे असतात, दुकानात पाहिलेत मी. सहाशेचा.” दारात वळून म्हणाले, “आणि ऐक. मला कळलंय हे तिला सांगू नको. तिला जेव्हा सांगायचंय तेव्हा सांगू दे.”

म्हणजे आता लेकीपुढे तिचं गुपित अजून राखल्यासारखं करायचं, आणि वर यांचं गुपित लेकीपासून राखायचं. पोट एक आणि गोळे दोन. संध्याकाळी दोघं समोरासमोर जेवत होती, मीठ दे, पाणी दे करत होती, आणि मी मध्ये बसून नुसती ताटाकडे बघत होते. कुणी काही विचारलं तर मी आधी दोघांची तोंडं बघायचे आणि मग उत्तर द्यायचे.

सुट्टीच्या दिवशी दोघं जमिनीवर चादर पसरून बसली. लेकीनं पॉवर सप्लायचं छोटं खोकं उघडलं आणि चमकली.

“बाबा, सहाशे? हजारचं काय झालं?”

“हिशेब चुकला होता,” हे म्हणाले. “मी अख्ख्या वॉर्डाचा लोड धरला.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, हिशेब चुकला हे वाक्य मी यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. लेकीनंही नसावं. ती यांच्याकडे बघत राहिली, पण यांनी डोकं वर केलं नाही. स्क्रू दातात धरून हे पेटीत वाकले होते.

दुपारभर ते काम चाललं. ती वाचून दाखवायची, हे बसवायचे. मग हे म्हणायचे तू बसव, मी धरतो. जागा इतकी कमी, की दोघांचे हात एकदम आत मावत नव्हते. हे तिला वायरी कशा वळवायच्या ते दाखवत होते, कोपऱ्यावर काटकोनात मोडायच्या नाहीत, हळू गोलाईनं न्यायच्या. ती चुकली की हे ओरडायचे नाहीत, नुसते थांबायचे, आणि ती वायर परत काढायची. मी दारात उभी राहून बघत होते. आत जावं असं वाटत होतं, आणि गेले तर काहीतरी सांडेल अशी भीती वाटत होती.

शेवटी बटण दाबलं. पंखे फिरले, पडद्यावर उजेड आला. लेकीनं टाळी वाजवली. गेम लावला, त्यात कुठल्याशा डोंगरावरून ती धावत सुटली. यांनी पेटीच्या मागे उलटा हात लावला आणि तसाच ठेवला.

“तापतंय?” तिनं विचारलं.

“नाही. गार आहे.” हात तिथेच होता. “पुरतंय.”

तिनं गेम थांबवला. “बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय.”

“सांग.”

ती कीबोर्डची एक कळ नुसती चाचपत राहिली. यांनी पेटीवरच्या हँडलवर बोटानं टकटक केलं. “बरं बसवलंय. मजबूत आहे,” हे म्हणाले. “एकटीला उचलता येईल, ठिणगे.”

ठिणगी हे तिचं लहानपणचं नाव. मोठी झाल्यावर तिनंच ते बंद करायला लावलं होतं. तिनं यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडली. आमच्या घरात एवढ्या मोकळेपणी रडायची पद्धत नाही. हे तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, “रडू नकोस, मशीन उघडं आहे.”

जायच्या दिवशी पेटी यांनी उचलली. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात एक जाड कापडाची पिशवी. ती पिशवी मी आठवडाभर भरताना पाहत होते. लेक घरात नसताना हे एकेक वस्तू आणून तिच्यात ठेवायचे. टेस्टर, चिकटपट्टी, जाड वायरचा स्वतः बांधलेला एक्स्टेंशन बोर्ड, जास्तीचे फ्यूज, पेचकसांचा जोड, दोन दिवे, टॉर्च. मी म्हटलं, “तिच्या सामानात घालून टाका की.” हे म्हणाले, “बघू.”

बसस्टँडवर यांनी पेटी तिच्या सीटपाशी ठेवली, पट्ट्यानं नीट बांधली आणि खाली उतरले. पिशवी यांनी पायामागे ठेवली होती, तिला दिसू नये अशी. लेक खिडकीतून वाकली.

“काही विसरलं तर नाही ना?”

“मला काय माहीत?” हे म्हणाले. “तूच आठव. काही हवंय?”

मी पिशवीकडे बघितलं आणि मग यांच्याकडे. माझ्या जिभेवर सगळी यादी आली होती. यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बस सुरू झाली होती, ड्रायव्हर आरशात बघत होता, आणि हे मान वर करून वाट बघत उभे होते.

“अरे हो, बाबा. तिथे खोलीत प्लग एकच आहे. एखादा बोर्ड मिळाला असता तर. जाऊ दे, तिथे घेईन.”

हे झटकन खाली वाकले. पिशवीत हात घालून न बघता बोर्ड काढला आणि खिडकीतून वर दिला. लेक हसली. “बरोबर घेऊनच आलात?”

“आणखी काही?”

“नाही. बास एवढंच.”

“बरं,” हे म्हणाले, आणि पिशवीचं तोंड बांधलं.

घरी येताना मी म्हटलं, द्या ती पिशवी माझ्याकडे. यांनी दिली नाही, हात बदलत बदलत आणली आणि दारामागच्या खुंटीला अडकवली. अजून ती तिथेच आहे. केर काढताना बाजूला करायची तर मला दोन्ही हात लावावे लागतात. अधूनमधून हे ती खाली उतरवतात, टॉर्च लावून बघतात, आणि उजेड जरा पिवळा वाटला की सेल बदलून परत अडकवून ठेवतात.